समजून घ्या : खडी क्रशरवर सांडलेले डिझेल विहिरीत कसे उतरते? ते वेळेत कसे कळते?

गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ‘पिण्यायोग्य’ आला, तरी त्या पाण्यात डिझेल असू शकते. कारण अनेकदा ते तपासलेलेच नसते. खाणीभोवतीच्या भूजलावर लक्ष कसे ठेवतात, त्याबाबतच्या अटी काय आहेत आणि विहीरमालकाने काय करावे, याचा हा आढावा.

रस्ता असो, पूल असो की सोसायटीची इमारत, खडीशिवाय काम होत नाही. त्यामुळे राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या वेशीवर दगडखाणी आणि खडी क्रशर दिसतात. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. पिकांवर बसणारी धूळ, सुरुंगाने तडकणाऱ्या भिंती, डंपरने उखडलेला रस्ता. या गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांवर बोलले जाते.

न दिसणारी एक गोष्ट मात्र मागे राहते. खाणीतील पोकलेन, ब्रेकर, डंपर, कॉम्प्रेसर आणि जनरेटर ही सगळी यंत्रे डिझेलवर चालतात. त्यांत डिझेल भरले जाते ते अनेकदा खाणीतच. ऑइल बदलणे, हायड्रॉलिक पाइप फुटला तर तो दुरुस्त करणे, हेही तिथेच होते. भरताना थोडे सांडते, बॅरलच्या नळातून थोडे ठिबकते. दर सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून अधिक आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर डिझेल जमिनीत जाते. याची नोंद कुणाच्या वहीत होत नाही.

खाणीत सांडलेले डिझेल वेगळे का?

शेतात डिझेल सांडले तर माती त्यातले बरेचसे धरून ठेवते. मातीतील सेंद्रिय पदार्थांना ते चिकटते आणि जिवाणू ते हळूहळू खाऊन टाकतात. माती ही भूजलावरची गाळणीच असते.

खाण सुरू करताना पहिले काम होते ते वरची माती आणि मुरूम उचलण्याचे. म्हणजे गाळणीच काढून टाकली जाते. खाली उरतो तो उघडा खडक. त्यात नैसर्गिक भेगा असतातच आणि सुरुंगाने नव्या पडतात. शिवाय खाण जितकी खोल जाते, तितके तिच्या तळापासून भूजलाचे अंतर कमी होते. काही खाणी भूजलपातळीच्याही खाली जातात. तिथे साचलेले पाणी पंपाने उपसावे लागते. अशा खाणीतील पाणी म्हणजे उघडे पडलेले भूजलच असते. त्यावर डिझेल सांडले, तर मध्ये अडवणारे काहीच नसते.

बंद पडलेल्या खाणींत तळी तयार होतात. त्यात गुरे धुतली जातात, कपडे धुतले जातात, उन्हाळ्यात टँकरही भरले जातात. त्या तळ्याच्या काठी पूर्वी डिझेलची बॅरल कुठे ठेवली जात होती, हे तोवर विस्मरणात गेलेले असते.

जमिनीखाली डिझेलचे काय होते?

डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. एका लिटरचे वजन साधारण ८३० ग्रॅम भरते. त्यामुळे ते भूजलापर्यंत पोहोचले की पाण्यावर तरंगते. पण सगळे डिझेल तिथवर जात नाही. काही भाग वाटेतल्या भेगांत आणि छिद्रांत अडकून राहतो, काहीची वाफ होते आणि थोडा भाग पाण्यात विरघळतो. विहिरीकडे दूरवर जातो तो मुख्यतः हा विरघळलेला भाग, आणि डोळ्यांना तो दिसत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे यात आणखी गुंता होतो. मे महिन्यात खोल गेलेली पाणीपातळी पावसाळ्यानंतर काही मीटर वर येते. तरंगणारा थर तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि वाटेतल्या खडकाला डिझेल माखत जातो. पुढे प्रत्येक पावसाळ्यात पाणी त्या माखलेल्या भागात शिरते आणि थोडे थोडे डिझेल धुऊन नेते. म्हणून एकदाच झालेल्या सांडपाणीचा त्रास कित्येक वर्षे होऊ शकतो. क्रशर बंद झाले म्हणजे प्रश्न मिटला, असे होत नाही.

प्रमाणाचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एक लिटर डिझेल सुमारे १६ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणू शकते. म्हणजे १० हजार लिटरचे १६० हून अधिक टँकर. प्रत्यक्षात डिझेल असे एकसारखे मिसळत नाही, त्यामुळे हे कागदावरचे गणित आहे. पण ‘दोन-चार लिटरने काय होते’ या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते.

आपल्या खडकात शोध घेणे अवघड का?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. काही थर काळ्या पाषाणाचे, पाणी न झिरपणारे. काही थर भोकाभोकांचे किंवा झिजून मुरूम झालेले, पाणी धरणारे. पाणी वाहते ते या झिजलेल्या थरांतून आणि भेगांमधून. त्यामुळे खाणीला लागून असलेली विहीर स्वच्छ राहून, तीच भेग जिथे निघते तिथल्या दूरच्या विहिरीत तवंग दिसू शकतो.

वाळू आणि गोट्यांच्या जमिनीत हे तुलनेने सोपे असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिडजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. बरेचसे उचलले किंवा जाळले, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांची ती जमीन १९८३ पासून संशोधकांची प्रयोगशाळा बनली आहे.

तिथे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली दिलासा देणारी. जमिनीतले जिवाणू तेल खातात आणि त्यामुळे विरघळलेले प्रदूषण भूजलाइतक्या वेगाने पुढे सरकत नाही. दुसरी गोष्ट सावध करणारी. या कामाला अनेक दशके लागतात आणि ते होत असताना पाण्याची चव-रंग बदलणारे परिणामही होतात. पाण्यातला ऑक्सिजन संपतो, खडकातील लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतात, मिथेन तयार होतो.

याचा देखरेखीला थेट उपयोग आहे. खाणीच्या उताराकडच्या विहिरीत ऑक्सिजन अचानक कमी आणि लोह अचानक जास्त झाले, तर तो इशारा समजून इंधनाची तपासणी करता येते. या दोन्ही चाचण्या इंधनाच्या तपासणीपेक्षा खूप स्वस्त आहेत.

वास आला की कळेलच, असे नाही का?

अनेक ठिकाणी पहिली वर्दी नाकानेच दिली आहे. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात बोअरवेलच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. जमिनीखालच्या तेलवाहिनीतून झालेल्या गळतीचा तो परिणाम होता.

हवाई बेटांवर होनोलुलूजवळच्या रेड हिल येथील उदाहरण आपल्यासाठी अधिक जवळचे आहे, कारण तिथला खडकही बेसाल्टच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने तिथे डोंगराच्या पोटात इंधनाच्या २० टाक्या बांधल्या. पिण्याच्या पाण्याचा जलधर त्यांच्या खाली सुमारे १०० फुटांवर आहे. २०१४ मध्ये एका टाकीतून गळती झाली. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये इंधन थेट पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात शिरले आणि त्या पाणीपुरवठ्यावरील सुमारे ९३ हजार लोकांना फटका बसला. घरच्या नळाला वास येऊ लागला, तेव्हा लोकांना ते कळले. मार्च २०२२ मध्ये ही टाकीव्यवस्था कायमची बंद करण्याचा निर्णय झाला.

डिझेलच्या बाबतीत नाक बरेच तीक्ष्ण असते. पण इंधनातल्या प्रत्येक घटकाबाबत तसे नाही. कर्करोगकारक बेन्झीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, तर त्याचा वास पाण्यात साधारण १० मिलिग्रॅमला जाणवतो. म्हणजे हजार पट उशिरा. डिझेलमध्ये बेन्झीन पेट्रोलपेक्षा बरेच कमी असते, ही त्यातली जमेची बाजू. शिवाय डिझेल जुने झाले की त्यातले हलके, वासाचे घटक उडून जातात.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. विहिरीला वास आला, याचा अर्थ खाण आणि विहीर यांच्यामधली जमीन त्याआधीच बाधित झाली आहे. देखरेख करायची ती हे मधले अंतर कापले जाण्याआधी.

देखरेख म्हणजे नेमके काय?

खाणीभोवती अरुंद निरीक्षण विंधण विहिरी घेतल्या जातात. त्यांना पिझोमीटर म्हणतात. त्या किमान तीन तरी लागतात. तीन ठिकाणची पाणीपातळी समुद्रसपाटीच्या संदर्भात मोजली, की भूजल कोणत्या दिशेला उतरते हे काढता येते. एक विहीर खाणीच्या वरच्या अंगाला असते. तिथले पाणी खाणीतून आलेले नसल्याने तुलनेला उपयोगी पडते. बाकीच्या खालच्या अंगाला, गावच्या विहिरीच्या वाटेवर असाव्यात. आपल्या भेगाळ खडकात तीन पुरतीलच असे नाही. म्हणून आजूबाजूच्या वापरातल्या विहिरीही यात धराव्या लागतात.

पिझोमीटरची जाळी पाणीपातळीच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे असावी लागते. डिझेल तरंगते. जाळी फक्त खोलवर असेल, तर वरचा थर तिच्यात येणारच नाही आणि अहवाल स्वच्छ येईल.

नमुना घेण्याचीही रीत आहे. पाइपात उभे राहिलेले जुने पाणी आधी उपसून टाकतात, मग आत नव्याने आलेले पाणी घेतात. नमुना गडद काचेच्या बाटलीत घेतात. बेन्झीनसारख्या उडून जाणाऱ्या घटकांसाठीची छोटी बाटली काठोकाठ भरतात, आत हवेचा बुडबुडा ठेवत नाहीत. बाटल्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. मिनरल वॉटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत, उन्हात ठेवलेल्या मोटारसायकलच्या डिकीतून नेलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी असतो. इंधनाचे काही घटक प्लास्टिकला चिकटतात, काही उडून जातात.

या सगळ्यात सर्वांत मोलाचा असतो तो पहिला अहवाल. खाण सुरू होण्यापूर्वी पाणी कसे होते, याची नोंद म्हणजे पुढच्या प्रत्येक वादातली मोजपट्टी. ती नसेल, तर ‘हे आधीपासूनच होते’ असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

‘पिण्यायोग्य’ अहवालात डिझेल का दिसत नाही?

गावपातळीवरील तपासणी संचात सामान्यतः सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, शिल्लक क्लोरीन आणि जिवाणू तपासले जातात. रोजच्या आरोग्यासाठी या चाचण्या आवश्यकच आहेत. पण त्यांत इंधन नसते. त्यामुळे अहवालातील ‘पिण्यायोग्य’ हा शेरा फक्त तपासलेल्या घटकांपुरता असतो.

काही वेळा अहवालात ‘ऑइल अँड ग्रीस’ असा रकाना असतो. या चाचणीच्या नेहमीच्या पद्धतीत तेल द्रावकात ओढून घेतात, द्रावक उडवून टाकतात आणि उरलेल्या तेलाचे वजन करतात. द्रावकाबरोबर इंधनाचे हलके घटकही उडून जातात. ग्रीस किंवा वंगण शोधायला ती ठीक आहे. विरघळलेले इंधन अल्प प्रमाणात शोधायला ती अपुरी पडते.

आणखी एक गल्लत नेहमी होते. सांडपाणी नाल्यात सोडण्यासाठी तेल आणि ग्रीसची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यातील खनिज तेलाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे. खाणीचा अहवाल ‘मर्यादेत’ आहे असे कुणी सांगितले, तर कोणत्या मर्यादेत हे विचारायला हवे. दोन्हींत २० पटींचा फरक आहे.

मागायच्या चाचण्या अशा : एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन (टीपीएच), बेन्झीन-टोल्यूइन-इथाइलबेन्झीन-झायलीन (बीटेक्स) आणि पीएएच. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त हवी आणि या विशिष्ट चाचण्यांसाठी तिची मान्यता आहे का, हेही पाहावे. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखावरून पाण्यात पेट्रोल आहे, डिझेल आहे की वंगण, हे ओळखता येते.

नियम काय सांगतात?

सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील आदेशानंतर लहान क्षेत्राच्या गौण खनिज खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली. खाणींच्या मंजुरीपत्रात सामान्यतः दोन अटी आढळतात. एक, आसपासच्या विहिरी आणि पिझोमीटर यांद्वारे भूजलाची पातळी व गुणवत्ता वर्षातून चार वेळा तपासणे. दोन, वर्कशॉपच्या सांडपाण्याला तेल-ग्रीस अडवणारी कुंडी बसवणे. मंजुरीतील अटींच्या पालनाचा अहवाल २००६ च्या अधिसूचनेनुसार दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे.

वापरलेले काळे ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. शटरिंगच्या फळ्यांना लावायला बॅरलभर ऑइल विकून टाकणे किंवा खड्ड्यात ओतणे या नियमांत बसत नाही.

त्रुटीही आहेत. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलसारखे ‘ब’ वर्गातील इंधन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतेही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर, विनापरवाना ठेवता येते. म्हणजे २०० लिटरची १२ बॅरल. पेट्रोल पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १६५ लिटरपेक्षा मोठी गळती यंत्रणांना कळवणे अपेक्षित आहे. खाणीतल्या बॅरलना त्या सूचना लागू होत नाहीत. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने २०२५ मध्ये अधिसूचित केले. खाणकामातून झालेले प्रदूषण मात्र त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

सरकारी निरीक्षण विहिरींवर भिस्त ठेवता येईल का? केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नियमित नोंदी घेतात. पण त्यांचा उद्देश मोठ्या परिसरातील पातळी आणि साधारण गुणवत्ता समजणे हा आहे. एका क्रशरच्या एका बॅरलमधली गळती त्यात पकडली जाणे कठीण.

विहिरीवर तवंग दिसला तर काय करावे?

आधी काठी घ्या. इंद्रधनुष्यासारखा प्रत्येक तवंग डिझेलचा नसतो. लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचाही तसाच तवंग येतो. काठीने तो मोडून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले, तर तो बहुधा जिवाणूंचा असतो. पुन्हा एकत्र आला, तर तेलाची शक्यता जास्त.

मग आपलेच घर तपासा. विहिरीवरचे डिझेल इंजिन, काठावर ठेवलेला कॅन, पंपाचे ऑइल. गळती तिथलीच असेल, तर क्रशरवर आरोप करून उपयोग नाही. तक्रार केली तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो.

संशय टिकला तर :

• ते पाणी पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे थांबवा. उकळल्याने किंवा टीसीएल टाकल्याने डिझेल जात नाही. उकळताना वाफ घरात पसरते.

• विहिरीत उतरू नका. आत साचलेल्या वाफेने जीव जाऊ शकतो. काठावर काडी, बिडी पेटवू नका.

• तारीख, वेळ, पाणीपातळी, त्या आठवड्यातला पाऊस लिहून ठेवा. फोटो काढा.

• नमुना शक्यतो प्रयोगशाळेच्या माणसाकडून, तिच्याच बाटल्यांत घ्या. वरच्या अंगाच्या एका विहिरीचा नमुनाही सोबत पाठवा. तुलना नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही.

• ग्रामपंचायत, तहसीलदार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय यांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

• खाणीचे मंजुरीपत्र आणि मागचे सहामाही अहवाल माहिती अधिकारात मागवा. त्यात भूजलाचे आकडे आहेत का आणि कोणत्या चाचण्यांचे आहेत, ते पाहा.

खाणचालकाला हे परवडते का?

यातले बहुतेक उपाय साधे आहेत. डिझेल भरण्याची जागा खाणीच्या तळातून वर आणणे. तिथे काँक्रीटचा, कडा उचललेला ओटा करणे. टाकीभोवती टाकीपेक्षा थोडे जास्त मावेल असा कठडा बांधणे. नळाखाली ट्रे ठेवणे. सांडले तर टाकायला भुसा किंवा कोरडी वाळू जवळ ठेवणे आणि ती भिजली की घातक कचरा म्हणून उचलणे. खडकात शिरलेले डिझेल पुन्हा बाहेर काढण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. भेगांत गेलेले सगळे डिझेल तर कितीही खर्च केला तरी निघत नाही.

गावासाठी वेळ महत्त्वाची आहे. नवी खाण येणार असेल किंवा जुन्या खाणीची मुदत वाढणार असेल, तर ग्रामसभेत विचारायचा पहिला प्रश्न असा : पहिला डंपर येण्यापूर्वीचा आमच्या विहिरींच्या पाण्याचा अहवाल कुठे आहे आणि त्यात टीपीएचचा आकडा किती आहे? उत्तर नसेल, तर तो आधी करून घ्यावा. नंतर कितीही चाचण्या केल्या, तरी ‘आधी’चे पाणी पुन्हा तपासता येत नाही.